काचेवरची टिचकी

आत्याने फोन दारावरच्या घंटीसारखा दाबला. अंगठा चांगला रोवून, आत कोणी झोपलं असेल तर उठावं अशा बेताने. फोन उठला, पण भलत्याच कुशीवर. व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्ह जागेवरून सुटलं, शेजारी एक यादी उघडली, आणि दचकून तिने हात ओढला तेव्हा ते चिन्ह पडद्याच्या वरच्या कडेला ‘काढून टाका’वर जाऊन पडलं. दिसेनासं झालं. “गेलं,” ती म्हणाली आणि फोन उपडा करून टेबलावर ठेवून दिला. जिने तीस वर्षं शिलाईचं मशीन चालवलं, सुई मोडली तर स्वतः बसवली, कुकरची रिंग बदलायला कधी कुणाला हाक मारली नाही, ती बाई एका काचेपुढे हरली.

यात तिचा दोष नव्हता. बटण बोटाशी बोलतं. मिक्सरची कळ फिरवली की खट् होतं, टायपरायटरची पट्टी खाली जाऊन परत वर येते, जुन्या फोनच्या पाच आकड्यावर एक बारीक उंचवटा असायचा, तो अंधारातही सापडायचा. काच कुठेही चाचपा, सारखीच गार आणि सपाट. तिला जोर कळत नाही. तिला कळतं ते बोट कुठे टेकलं, किती वेळ टेकलं आणि टेकल्यावर हललं का, एवढंच. बोट टेकून लगेच उचललं तर ती टिचकी. सुमारे अर्धा सेकंद तिथेच राहिलं तर ते ‘दाबून धरणं’. जरा घसरलं तर ते ‘सरकवणं’. आपल्या लेखी हा एकच स्पर्श, फोनच्या लेखी तीन वेगवेगळी क्रियापदं. वय झालं की बोट उचलायला थोडा उशीर होतो, थोडा कंप असतो. म्हणजे म्हणायचं असतं एक आणि काचेवर उमटतं दुसरंच.

त्यात कातडीची भर. काचेखाली विजेचा अगदी क्षीण भार पसरलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा बोटाकडे ओढला जातो आणि ही तूट कुठे पडली त्यावरून फोन जागा ओळखतो. बोट म्हणजे त्याच्या दृष्टीने वीज वाहून नेणारी एक ओलसर वस्तू. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, ओढ कमी होते. नखाने टोकरलं तर काहीच नोंदत नाही. उलट भांडी घासून तसाच हात लावला तर पाण्याचे थेंबच बोटं होऊन बसतात. नोटा मोजताना बोट जिभेला लावणारी जुनी माणसं फोनलाही तसंच करतात आणि नातवंडं हसतात. स्वच्छतेचं सोडा, भौतिकशास्त्र आजोबांच्या बाजूचं आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना फोनच्या सेटिंगमध्येच उतारा आहे, पण तो सहसा कोणी काढून देत नाही. अँड्रॉइडच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त दाबून धरण्याचा अवधी लांबवता येतो, आयफोनमध्ये कापऱ्या बोटाचे दुहेरी स्पर्श दुर्लक्षित करायला सांगता येतं, अक्षरं आणि चिन्हं मोठी करता येतात. अँड्रॉइडसाठी ॲप बनवणाऱ्यांना गूगलची सूचना आहे की, बोटाने टिपायची जागा निदान ९ मिलिमीटरची असावी, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढी. फुकट ॲपमधल्या जाहिराती बंद करायची फुली मिरीच्या दाण्याएवढी असते, ती का ते वेगळं सांगायला नको.

पण काच, कातडी आणि सेटिंग यांच्यापेक्षा मोठी अडचण आपण शिकवणारे आहोत. आईवडिलांच्या हाती फोन देतो आणि पहिला धडा कशाचा? विजेचं बिल भर. बँकेचं ॲप उघड. ओटीपी आला की लगेच टाक, वेळ संपेल. पोहायला शिकणाऱ्याला कोणी पुरात ढकलत नाही, इथे मात्र पहिलीच बुडी पैशांच्या पाण्यात. एक टिचकी चुकली की पेन्शन जाईल, या धाकाखाली बोट आणखी ताठरतं, आणखी जोराने दाबतं, आणि पुन्हा चुकतं. नव्या हाताला अशी जागा हवी जिथे चूक फुकट आहे. ती खेळात मिळते.

याचा मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग होऊन गेलाय आणि आपल्यातले पुष्कळजण त्यात सामील होते. मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ दिला. लिहिला होता वेस चेरी नावाच्या त्यांच्याकडच्या एका इंटर्नने, पत्त्यांची चित्रं काढली होती सुझन केअर यांनी. तोवर बहुतेकांचा हात फक्त कीबोर्डवर बसलेला. माउस धरायचा, बटण दाबलेलं ठेवून ओढायचं आणि योग्य जागी सोडायचं, ही करामत पुस्तक वाचून येणारी नव्हती. लाल नहिला काळ्या दहिल्यावर ठेवायला मात्र कुणाला शिकवावं लागत नाही. दोन वर्षांनी विंडोज ३.१ बरोबर माइनस्वीपर आला आणि उजव्या बटणाचाही सराव करून गेला. साहेब येताच झटकन मिटणारी ती हिरवी खिडकी ज्यांनी आपल्या कचेरीत पाहिली आहे, त्यांना हा अभ्यासक्रम नव्याने समजावायला नको.

यात एक बारीक गोष्ट आहे. सॉलिटेअर शिकवू शकला कारण तो खेळ नवा नव्हता. नियम डोक्यात आधीपासून होते, नवा होता तो फक्त हात. एका वेळी एकच गोष्ट परकी. आजीला फोन शिकवायला म्हणून फळं कापायचा नाहीतर गोळ्या फोडायचा खेळ लावून देणारे नेमके इथे चुकतात. तिथे नियमही नवे, घाईही नवी, वर घड्याळ उलटं पळतंय.

ही गोष्ट जपानमधल्या एका बाईंना कुणी न सांगता उमगली. मासाको वाकामिया, जन्म १९३५. बँकेत नोकरी केली, साठीच्या आसपास पहिला संगणक घेतला. त्या वेळी आईची शुश्रूषा करायची असल्याने घराबाहेर पडणं कमी झालं होतं, तर बाहेरच्या जगाशी गप्पा मारता याव्यात म्हणून. पुढे स्मार्टफोन आले आणि त्यांच्या लक्षात आलं की, फोनवरच्या खेळांत तरुण माणसं सहज जिंकतात आणि म्हातारी दर वेळी हरतात. ज्येष्ठांना जिंकता येईल असा एखादा खेळ करा, असं त्यांनी जाणत्या लोकांना सुचवलं. कोणी करेना. मग त्या स्वतःच स्विफ्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्या, अडलं की एका तरुण जाणकाराला इंटरनेटवरून विचारत. २०१७ साली त्यांचं ‘हिनादान’ हे आयफोनचं ॲप आलं तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

हिनादान म्हणजे काय ते आपल्याकडे चैत्रगौरीची आरास पाहिलेल्या माणसाला चटकन कळेल. जपानमध्ये ३ मार्चला मुलींचा सण असतो, हिनामात्सुरी. घरात पायऱ्या रचून लाल कापड घालतात आणि त्यावर बाहुल्या मांडतात: सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, खाली तीन दासी, त्यांच्याखाली पाच वादक, मग दोन मंत्री. कोणाची जागा कोणती हे ठरलेलं. आपल्याकडे गौरीच्या आराशीत करंज्या कुठे आणि खेळणी कुठे हे आजीलाच नक्की माहीत असतं, तसंच. वाकामियांच्या खेळात बारा बाहुल्या विस्कटून दिलेल्या असतात. एका बाहुलीला टिचकी मारायची, मग तिच्या जागेला टिचकी मारायची. घड्याळ नाही, घाई नाही. ज्याला सण माहीत तो जिंकतो, म्हणजे बहुतेक वेळा आजीच.

त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने त्यांना कॅलिफोर्नियातल्या आपल्या विकासकांच्या वार्षिक मेळाव्याला बोलावलं, टिम कुक त्यांना भेटले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्या न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत बोलल्या. बातम्या या सगळ्याच्या झाल्या. मला मात्र त्यांचा एक नकार जास्त मोलाचा वाटतो. हिनादानमध्ये बाहुली ओढून न्यावी लागत नाही. म्हाताऱ्या बोटाला सरकवणं जमत नाही, बोट मध्येच निसटतं आणि बाहुली वाटेतच राहते, हे त्या स्वतःच्या हातावरून जाणत होत्या. म्हणून फक्त टिचकी. पंचविशीतल्या चलाख विकासकाने बाहुली छान तरंगत जाताना दाखवली असती आणि खेळ तिथेच बिघडला असता.

आत्यावर मी हाच क्रम लावला. आधी ल्युडो. २०१६ साली नवी मुंबईतल्या एका कंपनीने काढलेला ल्युडो किंग २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. त्यात फाशाला टिचकी, मग सोंगटीला टिचकी, एवढंच काम. सोंगट्यांचा पट तिला लहानपणापासून ठाऊक. चार-पाच दिवस तिने दुसरं काही केलं नाही. बोट कधी उचलायचं ते तिच्या हाताने आपलं आपण शोधलं, मी एकदाही ‘हलकेच’ म्हटलं नाही. (‘हलकेच’ म्हणणं निरुपयोगी असतं. किती हलकेच, हे बोटालाच कळायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे तिचं बोट आपल्या हातात धरून टेकवणं. बोट आपलं वागतं, तिचं शिकत नाही.) मग पत्ते, तिथे ओढणं आलं. मग चित्रांचे तुकडे जुळवायचा खेळ, तिथे दोन बोटांनी चित्र मोठं करणं आलं, आणि त्याच संध्याकाळी तिने भाचीच्या लग्नाच्या फोटोत कोणी कोणती साडी नेसली होती ते मोठं करून पाहिलं.

फुकट खेळांतल्या जाहिराती हा खरा काच. डाव रंगात असताना आडवी येणारी, बंद करायला गेलं तर तिसरंच काही उघडणारी. खेळ बिनइंटरनेटचा असेल तर फोन विमान मोडवर टाकून द्यावा, जाहिराती येतच नाहीत. पैसे लावून रमी खेळा म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांब. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तरी आत्याच्या फोनवर त्यांच्या भावंडांसारखी दिसणारी निमंत्रणं अधूनमधून येतातच.

इथवर गाडी बरी चालली होती. मग तिचा काचबिंदू वाढला.

काचबिंदूत नजर कडेकडेने आक्रसते, नळीतून पाहावं तसं होतं, आणि पुढे तीही नळी बारीक होत जाते. ज्या हाताने टिचकी साधली त्याला आता कुठे टेकायचं ते दिसेना. डोळ्यांशिवाय सपाट काच वापरायची कशी, या प्रश्नावर ज्यांनी मुळापासून विचार केला त्यांच्यातला एक माणूस पुण्यात वाढलेला आहे. टी. व्ही. रामन. काचबिंदूनेच चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली पीएच.डी. प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर, समीकरणांसकट, ऐकता येईल असा वाचून दाखवणारी प्रणाली. तिचं नाव ‘ॲस्टर’, त्यांच्या वाटाड्या कुत्रीच्या नावावरून. रुबिक क्यूबवर ब्रेलचे ठिपके लावून तो झपाट्याने सोडवणं हा त्यांचा छंद, म्हणजे खेळ इथेही आहेच. २००५ साली ते गूगलमध्ये गेले.

तिथे चार्ल्स चेन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी टचस्क्रीनवर नंबर फिरवायची जी युक्ती काढली, ती ऐकून मी बराच वेळ नुसता हसत होतो, इतकी ती सोपी आहे. बटणांच्या फोनवर आंधळं बोट पाचावरचा उंचवटा शोधतं. काचेवर उंचवटा नाही. तर मग शोधायचंच कशाला? बोट जिथे टेकेल तिथेच पाच. तिथून वर सरकलं की दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा, कोपऱ्यांत उरलेले. चुकलं तर फोन हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जातो. माणसाने यंत्राची जागा हुडकण्याऐवजी यंत्राने माणसाच्या बोटाखाली येऊन बसायचं.

त्याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात शॉन केन, जेफ्री बिगम आणि जेकब वॉब्रॉक यांनी २००८ साली ‘स्लाइड रूल’ नावाचा प्रयोग मांडला होता: बोट काचेवरून फिरवत जा, खाली काय आहे ते फोन बोलेल, हवं ते सापडलं की दुसऱ्या बोटाने टिचकी. २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’. आज दोन्हींचं व्याकरण जवळपास एक आहे. बोट फिरवलं की फोन वाचतो. उजवीकडे झटकलं की पुढची वस्तू, डावीकडे झटकलं की मागची. उघडायचं तर पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी.

‘कुठेही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डोळस माणसाला चिन्हावरच टिचकी मारावी लागते, नेम चुकला की भलतं उघडतं. इथे आधी ऐकायचं, खात्री करायची, मग उघडायचं. दोनदा मारलेली टिचकी कोपऱ्यात पडली तरी चालते. कापऱ्या हाताला ही पद्धत साध्या पद्धतीपेक्षा दयाळू आहे, असं माझं मत झालंय. फक्त एक आहे: ती आधी कधीच न केलेल्या हालचालींची भाषा आहे आणि ती चालू असताना फोनचं नेहमीचं वागणं बंद होतं. आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद एकदम दाबली गेली की अनेक अँड्रॉइड फोनांवर टॉकबॅक आपोआप सुरू होतं. मग घरातला इंजिनिअर नातू एकेक टिचकी मारत बसतो, फोन काही उघडत नाही, आणि ‘आजीने फोन बिघडवला’ असा निकाल लागतो.

ही भाषा शिकवायलाही खेळच कामाला आले, आधी मुलांसाठी. ऑस्ट्रेलियातल्या सोनोकिड्स या संस्थेने ‘बॅलीलँड’ नावाची ॲप केली, त्यात अंध मुलं गोष्टी आणि गमतीच्या आवाजांतून झटकणं, दोनदा टिचकी, तीन बोटांनी पान सरकवणं शिकतात. दोन बोटं काचेवर रेडिओच्या बटणासारखी फिरवून अक्षर-शब्द-ओळ असा वाचायचा टप्पा निवडण्याची ‘रोटर’ नावाची युक्ती व्हॉइसओव्हरमध्ये आहे. भल्याभल्यांचे हात तिथे अडखळतात, तर तिच्यासाठी त्यांनी वेगळा खेळच केला.

मोठ्यांसाठी आवाजाचे खेळ आहेत आणि त्यांचा इतिहास टचस्क्रीनपेक्षा जुना. जपानचे केन्जी एनो यांनी १९९७ साली सेगा कंपनीच्या सॅटर्न या खेळयंत्रासाठी असा खेळ काढला की, त्यात चित्रच नव्हतं, नुसता आवाज. खेळ फक्त तुमच्या यंत्रासाठी देतो, पण एक हजार यंत्रं अंध लोकांना फुकट द्या, अशी अट त्यांनी सेगाला घातली होती. फोनवर आला लंडनच्या मंडळींनी २०१० साली केलेला ‘पापा सांग्रे’. कानाला हेडफोन, पडदा जवळजवळ कोरा, आणि चालायचं ते दोन अंगठ्यांनी, डावं-उजवं, डावं-उजवं. घाई केली की ठेचकाळून पडायचं. पाच वर्षांनी फ्रान्सहून ‘अ ब्लाइंड लेजंड’ आला: आंधळा सरदार, त्याची मुलगी लुईस त्याला हाका मारत वाट दाखवते, आणि तलवार चालवायची म्हणजे बोट झटकायचं. तेच बोट झटकणं, ज्याने पुढे व्हॉट्सॲपमधला पुढचा निरोप ऐकायचा असतो.

तलवारबाजी आत्याला नको होती. तिला पत्ते हवे होते आणि तिथे माझी पंचाईत झाली. टॉकबॅक वाचतं ते विकासकाने प्रत्येक वस्तूला दिलेलं नाव. खेळ बनवताना सगळा पट एकच चित्र म्हणून रंगवला आणि नावं दिलीच नाहीत, तर बोटाखाली बदाम राणी असली तरी फोन गप्प. तिच्या आवडत्या खेळात हेच झालं. याचं वाईट वाटतं, कारण बोटांनी खेळायची परंपरा काही आजची नाही. अंधांच्या बुद्धिबळात काळी घरं उंच असतात, सोंगट्या भोकांत खोचायच्या, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टाचणी, प्रत्येक खेळाडूचा पट वेगळा आणि चाल मोठ्याने सांगायची. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः असे खेळाडू. अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना त्यांनी उभी केली आणि संगणकावर चाल बोलून दाखवणारं ‘टॉक६४’ नावाचं सॉफ्टवेअरही तयार केलं.

मग आम्ही खेळ शोधायचं थांबवून करायला लागलो. नोटा ओळखून बोलणारं रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे ॲप जानेवारी २०२० पासून आहे, इंटरनेट लागत नाही. आत्याने पाकिटातल्या नोटा पिसून घ्यायच्या, एकेक चाचपून किंमत सांगायची, मग कॅमेऱ्यासमोर धरून फोनला विचारायचं. बरोबर आली तर नोट तिची. कॅमेरा सरळ आणि योग्य अंतरावर धरायला ती यात शिकली, माझे साडेतीनशे रुपये गेले.

आणि ल्युडो परत आला, अर्धा काचेवर आणि अर्धा पुठ्ठ्यावर. जुन्या पटाच्या घरांवर तिनेच सांगून दोरा चिकटवून घेतला, सोंगट्यांवर कोणाला एक खाच, कोणाला दोन. फासा मात्र फोनवर: एक साधं ॲप, एकच बटण, दोनदा टिचकी मारली की मराठी आवाजात आकडा सांगतं. सहा हवा असताना दोन पडला की ती मान हलवते, “ते चुकून लागलं रे, बोट घसरलं,” म्हणते आणि पुन्हा टिचकी मारते. आठ महिन्यांपूर्वी खरोखर घसरणारं तिचं बोट आता फक्त दोन आणि तीन पडल्यावरच घसरतं.